चार लोक काय म्हणतात

“हे कोण गाऊन राह्यलं?” किसनरावांनी विचारलं, आणि खुशालचा हात गिअरवरच थांबला.

देवळी नुकती मागे पडली होती. काळीपिवळीत माणसं कोंबलेली होती, नेहमीसारखीच. वर्ध्याच्या वाटेवर खुशालची गाडी ओळखली जायची ती गाण्यांसाठी. नवीन अल्बम आला की त्याचा निकाल याच गाडीत लागायचा, आणि निकाल बहुतेक फाशीचाच असायचा. किसनराव निवृत्त तलाठी. त्यांच्या मते भजनाच्या पलीकडे जे काही निघालं तो निव्वळ गोंगाट. रुपेश कॉलेजचा, त्याला डीजेवाले अल्बम लागायचे. गझल लागली की तो सरळ झोपून जायचा. प्रमिलाबाई भाजीची टोपली मांडीवर घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, जुन्या सिनेमानंतर गाणं मेलंच. तिघंही देवळीचे, रोजचे. आजवर एकाही अल्बमवर या तिघांचं जमलं नव्हतं.

आज मात्र तिघंही गप्प बसून ऐकत होते.

गाणारी गुंजन होती, खुशालची मुलगी. सहा गाण्यांचा छोटासा अल्बम, वर्ध्याच्या स्टुडिओत, शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशातून केलेला. त्यात भजन होतं, गझल होती, आपल्या बोलीतली दोन धिंगाणा गाणीही होती. या तिघांना हे माहीत नव्हतं. माहीत होऊ द्यायचं नाही, हेच तर ठरलं होतं.

नाचणगावच्या त्यांच्या घरात दिवाळीपासून एकच वाद चालू होता. गुंजनला नागपूरला जाऊन गाणं शिकायचं होतं. खुशालला तिला समुद्रपूरच्या स्थळी उजवून मोकळं व्हायचं होतं. ‘लोक काय म्हणतीन?’ हेच त्याचं पालुपद होतं. पोरगीही बापाचीच. ती म्हणाली, “मंग लोकाइलेच विचारा ना बाबा. माहं नाव नका सांगू. गाडीत लावा फक्त. लोकाइले आवडलं तं नागपूर. नाई आवडलं तं मी मुकाट्यानं समुद्रपूरले जाईन.”

खुशाल लगेच हो म्हणाला. त्याच्या गाडीतल्या लोकांना आजवर काय आवडलं होतं, की हे आवडणार होतं?

“गळा हाय बा पोरीचा,” किसनराव म्हणाले. “भजनात इतका जीव लई दिवसात ऐकला नाई.”

रुपेशने मान पुढे काढली. “काका, ते बोलीतलं गाणं मले पाठवजा. गॅदरिंगले वाजवतो.”

प्रमिलाबाईंनी पदराने डोळे टिपले. “आधीचं पुन्हा लाव रे खुशाल. कोणाची हाय ही पोरगी? बापानं पुण्य केलं असन.”

खुशालचा ऊर भरून आला. खोटं कशाला सांगा, त्याला अभिमान वाटला. ‘माही’ हा शब्द पार ओठांवर आला. पण तेवढ्यात त्याला समुद्रपूरचे पाहुणे आठवले. ‘पोरगी गाण्याबिण्यातली तं नाई ना?’ असं त्यांनी चहा पिता पिता, हसत विचारलं होतं. त्यानेही हसत नाही म्हटलं होतं.

“मले काय मालूम,” तो म्हणाला. “कोणीतरी मोबाइलवर पाठवलं. असन कोणाची तरी.”

मग त्याने आरशात पाहिलं. अगदी मागच्या बाकावर देवळीलाच चढलेली एक पोरगी कोपऱ्यात दबून बसली होती. चैत्राचं ऊन, म्हणून इथल्या सगळ्या पोरींसारखी तीही तोंडाला दुपट्टा गुंडाळून, वर काळा गॉगल लावून.

“तुले कसं वाटलं बेटा?” त्याने विचारलं.

तिने नुसती मान हलवली. खुशालने गाडी दामटली.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याची बायको सखूबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. गुंजन उद्याच्या बाजाराची वांगी निवडत बसली होती.

“लावलं होतं, बाबा?”

“लावलं.”

“मंग?”

खुशालने तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ टॉवेलने पुसत राहिला. “नाई पटलं लोकाइले. किसनराव म्हणे, याले भजन म्हणते काय. रुपेशनं तं कानात बोळेच घातले. बाप हाय मी, मले काय बरं वाटते हे सांगताना? पण तूच म्हणली होती, लोकाइले विचारा.”

सखूबाईने भाकरी उलटली. तिलाही हायसं वाटलं असावं.

“सगळ्याइलेच नाई आवडलं?” गुंजनने विचारलं.

“सगळ्याइले.” आता खुशालला जोर आला होता. उताराला लागलेली गाडी आणि खोटं, दोघांनाही ब्रेक लवकर लागत नाही. “मांगं एक पोरगी होती, तुह्याच वयाची. म्हटलं, हिले तरी आवडन. तिले विचारलं, तं म्हणे, काका, बंद करा हे रडगाणं.”

गुंजन हातातल्या वांग्याकडे पाहत राहिली. किडकं नव्हतं. तिने ते टोपलीत ठेवलं.

“मंग कळवू ना समुद्रपूरले?” खुशाल मऊ आवाजात म्हणाला.

“दुपट्टा मैत्रिणीचा होता, बाबा,” ती म्हणाली. “आणि मी तं नुसती मान हलवली होती.”