मागचे दिवस

चिंचवडच्या कारखान्यात पगाराचं काम कॉम्प्युटरवर गेलं होतं. टेंपररी कामगार सक्तीच्या ब्रेकनंतर कामावर परतला, की कॉम्प्युटर त्याची मागची नोकरी पुसून पर्मनंट होण्यासाठी लागणारे दिवस पुन्हा शून्यापासून मोजायचा. तिथल्या कॉम्प्युटर विभागातल्या अजीजनं खपून प्रोग्रॅम दुरुस्त केला. आता जुने दिवस तसेच राहायचे आणि नवे त्यात मिळवले जायचे.

ही बातमी त्यानं सर्वांत आधी शेजारच्या खोलीत राहणाऱ्या, त्याच कारखान्यात टेंपररी असलेल्या हिंदुरावांना दिली. "भाऊ, या खेपेपासून तुमचा एकही दिवस वाया जाणार नाही."

"म्हंजी पर्मनंट हुतोय म्हना की! मंग हिला गावाकडनं आनतो."

साहेबांनीही अजीजची पाठ थोपटली. "फार मोठं काम केलंत. पर्मनंट व्हायच्या बेतात कोण आलाय, हे आम्हाला आता आधीच कळेल."

पुढच्या ब्रेकनंतर कंपनीनं हिंदुरावांना परत बोलावलंच नाही. अजीज त्यांच्या खोलीवर गेला, तेव्हा ते वळकटी बांधत होते.

"तुजा काय दोष न्हाई, अजीज," ते म्हणाले. "पर आदीचं मशीन बरं हुतं. त्ये मला इसरायचं, म्हनून तर परत बोलवायचे."