सरकारी पाळ

तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पायथ्याशी झिरपणारं पाणी सकाळपर्यंत नितळ होतं. आता ते गढूळ येऊ लागलेलं लटारूनं पाहिलं. नितळ झिरपतंय तोवर काळजी नाही. गढूळ आलं की समजावं, आतून माती खाल्ली जातेय. तलाव बांधणाऱ्या कोहळी जातीत त्याचा जन्म गेला होता. त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. दिवस मावळायच्या आत भोक बुजलं नाही तर तलाव जाणार. खाली बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, गावाचा सगळा धान निसवायच्या बेतात उभा होता. ह्या एका पाण्यावर वर्षाचं खाणं होतं.

त्यानं पाळीवरून हाळी दिली. अशी हाळी आली की घरटी एक माणूस हातचं काम टाकून यायचा, मजुरीचं नाव कुणी काढायचं नाही, ही गावाची जुनी रीत. आजही लोक आले. कुदळी आल्या, तणसाच्या पेंढ्या आल्या. पण पाळीवर चढून सगळे जागच्या जागी थबकले, कारण वर भैयाजी उभा होता.

भैयाजी ह्याच गावचा पोरगा. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली, तलाव सरकारचा झाला, तेव्हापासून तो तलावाचा चौकीदार होता.

“मातीले हात नाई लावायचा, लटारूभाऊ. हुकूम आहे.”

“गळून राह्यली म्हणून सरकारले सांगितलं काय तू?”

“दोनदा कागद धाडला. गळतीले मंजुरी नाई म्हणते. फुटली त मंग अर्ज करा, मोजमापाले साहेब येईल.”

“म्हंजे फुटाची वाट पाहाची?”

भैयाजीनं खाली धानाकडं पाहिलं. त्याच्याही आठ बांध्या ह्याच तलावाखाली होत्या. तो वाईट माणूस असता तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

लोकही हलले नाहीत. गेल्या साली शेजारच्या गावानं न विचारता आपल्या पाळीवर माती टाकली, आणि पाच माणसं अजून चांद्याला कोर्टाच्या तारखांना जात होती. दोन दिवस जायला, दोन दिवस यायला. एकाची रोवणी त्यातच राहून गेली. घरात बसून ह्या लोकांना भित्रे म्हणणं फार सोपं आहे.

लटारूनं धोतर खोचलं आणि तो तलावात उतरला. भोकाचं तोंड शोधायला डोळे कामाचे नाहीत, पाय लागतो. छातीभर पाण्यात तो पाळीला धरून सरकत राहिला. एके ठिकाणी पाण्यानं पाय ओढला. त्यानं तो तसाच गुडघ्यापर्यंत आत घातला.

पाळीच्या पलीकडून, खालून, त्याची सून गुणाबाई ओरडली, “नितळ आलं! मामाजी, नितळ आलं!”

“पेंढ्या आना रे!” लटारू ओरडला. “वरून चिकनमाती! लवकर!”

त्याच्या पोरानं, नानाजीनं, पेंढी उचलली आणि दोन पावलं टाकली. भैयाजीनं खिशातून सरकारी हुकूम लिहिलेली वही काढली.

“नाना, मले नाव लिहा लागते. नाई लिहिलं त माही नोकरी जाते.” तो दटावत नव्हता, गयावया करत होता.

नानाजी थांबला. त्यानं मागं वळून पाहिलं. आणखी एक जण पुढं आला असता तर सगळं गाव आलं असतं. पण तो एक जण व्हायला कुणी तयार नव्हतं. नानाजीनं पेंढी खाली ठेवली.

“माहं एकट्याचं लिही!” लटारू पाण्यातून ओरडला. “पन माती टाका रे बाप्पा!”

त्यानं एकेकाला नावानं हाक मारली. मग शिव्या दिल्या. मग, जन्मात कुणापुढं जोडले नव्हते ते हात जोडले. भोकाच्या कडा ढासळत चालल्या. पाय मांडीपर्यंत आत गेला, पाणी हनुवटीला लागलं, मग नाकात शिरलं.

माणूस ओढून काढू नये असा हुकूम नव्हता. नानाजीनं उडी मारली. त्याच्यामागं दहा-पंधरा जण धडाधड पाण्यात आले, भैयाजीही आला. इतके हात आले की त्याच हातांनी दोनदा भोक बुजलं असतं.

“मले सोडा, भोक धरा!” लटारू लाथा झाडत होता. त्यांनी त्याला उचलून पाळीवर नेलं.

तिसऱ्या प्रहरी पाळ खचली आणि मग वाहून गेली. पाण्यानं धान मुळासकट उपटून नेला, वर वाळू अंथरली.

मावळतीला तलावाचा तळ उघडा पडला. चिखलात मरळ उड्या मारत होत्या. आधी पोरं उतरली, मग बाया, मग सगळेच. कुणीतरी विचारलं, हे मासेही सरकारीच की काय? भैयाजीनं ओली वही उघडून पाहिली.

“माशाचं काही लिहिलं नाई,” तो म्हणाला, आणि विजार वर करून चिखलात उतरला.

लटारू पाळीच्या तुटलेल्या टोकाशी बसून होता. गुणाबाई वर आली. कोपरापर्यंत चिखल, पदरात दोन मोठ्या मरळ. सासऱ्याचे डोळे पाहून ती जरा थांबली.

“रडून राह्यले काऊन, मामाजी? आज पोटभर खाऊ न सारे.”

“आज,” लटारू म्हणाला, आणि मासे घ्यायला त्यानं आपला दुपट्टा पसरला.