पाठीखालची ऊब

सानवी झोळीत उताणी पडली होती. तिच्या अंगावर एक गोधडी होती आणि तसलीच एक अंगाखाली. भिकाजींनी वाकून नातीला विचारलं, वरून गार लागतं का?

"नाय."

"आणि खालून?"

"खालून लागतं. पाठीला."

"दोन्ही गोधड्या तर सारख्याच. मग असं का?"

सानवी विचारात पडली. भिकाजींना घाई नव्हती. नातीला उत्तर सांगून टाकण्यापेक्षा तिला ते सापडेपर्यंत थांबायला त्यांना आवडे.

भिकाजींचा मुलगा नितेश समोरच आपल्या खोलीच्या दारात मोबाईल घेऊन उभा होता. दाराशी उभ्या करून ठेवलेल्या गादीला पाठ टेकून तो झोळीखाली घालायच्या वस्तू बघत होता. आज रविवार, ऑफिसच्या मीटिंगा नव्हत्या. सासऱ्यांची पाठ पहाटे गारठते, त्यांना नीट झोप नाही, हे त्याची बायको अक्षया त्याला कधीपासून सांगत होती. नाट्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात कसली आलीय थंडी, जानेवारीत चार दिवस डोंगराकडून मतलई वारा सुटतो तेवढीच, एक चादर जास्त घ्यायला सांग, असं म्हणून त्याने ते हसण्यावारी नेलं होतं. भिकाजींनी चादर घेतली. मग आणखी एक घेतली. काल त्यांना सकाळी झोळीतून उठता येईना, तेव्हा अक्षयाने हात देऊन उठवलं, आणि नंतर ती नवऱ्याशी दिवसभर बोलली नाही.

मुंबईची नोकरी घरून करायची म्हणून नितेश बायको-मुलीला घेऊन गावी आला, तेव्हा घरात दार लागणारी खोली एकच होती, आणि ती भिकाजींची. त्याने विषय काढायच्या आधीच म्हाताऱ्याने आपली पेटी बाहेर आणली आणि बाहेरच्या खोलीतल्या झोपाळ्याच्या कड्यांना नायलॉनची झोळी टांगली. अरे, माझा जन्म बोटीवर गेला, आम्हा खलाशांना झोळीतच झोप लागते, असं हसत म्हणाले. मग नितेशने त्यांचा पलंग मागच्या पडवीत टाकला. त्यावरची गादी मात्र खोलीतच ठेवली. दार लावून ती आतून टेकवली की बाहेरचं काही आत येत नसे. मिक्सर नाही, सानवीची बडबड नाही, भिकाजींचा खोकला नाही. आवाज किती स्वच्छ येतो तुझा, असं साहेबांनी दोनदा म्हटलं होतं.

"कळलं," सानवी म्हणाली. "खालची गोधडी माझ्या वजनाने चेपली."

"शाब्बास गो बाय. चेपली म्हणजे तिच्यातलं काय गेलं?"

"हवा?"

"हवा. ऊब त्या हवेत असते, कापडात नाय. वरची गोधडी फुगून राहते म्हणून ऊब धरते. खालची चेपते, आणि तिच्याखाली सगळा वारा. मग वर चार चादरी घेतल्या तरी पाठ गारच."

चार चादरी, हे त्यांनी सहज म्हटलं. नितेशने मान वर केली नाही.

त्याने मोबाईलवरचे दोन प्रकार मोठ्याने सांगितले. एक फोमची पट्टी, झोळीच्या आत घालायची. दुसरी रजई, झोळीच्या बाहेरून खाली टांगायची. भिकाजी म्हणाले, कशाला मागवतोस, गोणपाट शिवून घेतलं तरी भागेल. सानवीने मात्र हा प्रश्न आपला मानला होता. फोम चेपणार, टांगलेली रजई चेपणार नाही, कारण तिच्यावर कुणी झोपतच नाही, असं तिने बोटं नाचवत पटवून दिलं. भिकाजी खूश झाले. त्यांनी लगेच तिच्या अंगाखालची गोधडी काढली, सुतळी घेतली आणि ती झोळीच्या खाली, थोडी सैल, बांधायला घेतली. आता बघ फरक, म्हणाले.

सानवी वरून डोकावून त्यांच्या गाठी बघत होती.

"आजोबा, बोटीवर तुम्ही झोळीखाली काय बांधायचात?"

"बोटीवर कसली गो झोळी?" भिकाजी गाठ मारता मारता म्हणाले. "तिथं ज्याला त्याला खाट. जमिनीला बोल्टाने आवळलेली. वर ही एवढी जाड गादी. आणि वादळात माणूस खाली पडू नये म्हणून कडेला फळी."

गाठ अर्धीच राहिली. पोरीला शिकवताना त्यांना खोटं सांगता येत नसे, आणि दारात कोण उभं आहे हे ते क्षणभर विसरले होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अक्षया तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात सुपात थांबला.

नितेश स्क्रीनकडे बघत राहिला. खलाशाला झोळीतच झोप लागते, हे त्याला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं. सोयीचं वाटलं होतं.

"मग आजोबा," सानवीने विचारलं, "आता तुमची गादी कुठाय?"

भिकाजींनी उरलेली गाठ सावकाश आवळली. दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

"झोळीत गादी मावत नाय गो," ते म्हणाले. "तू झोप बघू नीट. आता लागतं का गार?"

नितेश ताठ उभा राहिला. बाहेरच्या दाराकडून वारा आला. एवढा वेळ गादीला टेकलेली त्याची पाठ चांगली ऊबदार झाली होती.