वासाची संध्याकाळ

वेंडेलने सहाव्या बरणीचं झाकण काढलं, नाक आत घातलं, डोळे मिटून लांब श्वास घेतला. काहीही आलं नाही. गेल्या हिवाळ्यातल्या तापापासून त्याला कशाचाच वास येत नव्हता, आणि ही गोष्ट त्याची बायको डोरीन सोडली तर गावात कुणालाही ठाऊक नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"आंब्याची साल," तो डोळे मिटूनच म्हणाला. "आणि मागून किंचित मिरी."

"अगदी! मिरीच!" स्टुलांवरची मंडळी बरणी हातोहात फिरवत म्हणाली.

पिकवणाऱ्यांना फोन करकरून त्याने हे सगळं पाठ केलं होतं. हायवेवर बड्या कंपनीचं चकचकीत दुकान झालं तेव्हापासून वेंडेल आपल्या परवान्याच्या गांजाच्या दुकानात माश्या मारत बसला होता. भावात त्यांच्याशी टक्कर घेणं शक्यच नव्हतं. त्यांच्याकडे नव्हतं ते फक्त वेंडेलचं नाक. नुसती कळी हुंगून ती कुणाच्या मळ्यातली हे सांगणारा त्या किनाऱ्यावर दुसरा माणूस नव्हता. म्हणून डोरीनने ही संध्याकाळ ठरवली होती. पिवळे दिवे लावले, घरचा गालिचा आणून अंथरला, नाक ताजं करायला मध्येमध्ये हुंगाव्यात म्हणून वाट्यांत कॉफीच्या बिया ठेवल्या, कोपऱ्यात एक गिटारवाला बसवला. आज माल खपला नाही तर महिनाअखेर दुकानाला कुलूप. दोघांनाही ते माहीत होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हती.

लोक आले, हेच नवल. ऐंशीची लुआनसुद्धा आली. खेकड्यांच्या बोटींवर तिने जन्मभर स्वयंपाक केला होता. दारात तिलाही वयाचं कार्ड काढून दाखवावं लागलं.

"माझं वय विचारणारा तू या गावातला शेवटचा पुरुष रे," ती वेंडेलला म्हणाली होती.

सातवी बरणी फिरत फिरत तिच्याच हातात आली. तिने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"शी! वेंडेल, हिला कोंदट वास येतोय. ओल धरलेल्या तळघरासारखा."

सगळ्यांच्या माना वेंडेलकडे वळल्या. गिटारवाला तेवढा वाजवत राहिला. वेंडेलने बरणी घेतली, हुंगली. नुसती थंड हवा. गल्ल्यापाशी उभ्या डोरीनने त्याला डोळ्यांनीच सांगितलं, बोल काहीतरी.

"बरोबर ओळखलंत," तो हसून म्हणाला. "जंगलातल्या जमिनीचा वास आहे हा. पाऊस पडून गेला की देवदारांखाली येतो ना, तोच. सवय नसली की कोंदट वाटतो."

"मला नको शिकवूस. बुरशी ती बुरशी," लुआन म्हणाली.

पण बरणी पुढे गेली होती. शेजारच्याने हुंगलं, बराच विचार केला आणि म्हणाला, "जंगल. हो, जंगलच." त्याच्या पुढच्या बाईलाही जंगलच आलं. चौथ्याला तर शेवाळही आलं. वेंडेलचं नाक सांगतंय म्हटल्यावर आपल्या नाकाला कोण विचारतो! थोड्याच वेळात गल्ल्यासमोर रांग लागली. कित्येक महिन्यांनी लागलेली ती रांग बघून डोरीनचे डोळे भरून आले.

रांगेत पहिला एल्डन होता. तो या दुकानात कधी आला नव्हता. सातवी बरणी त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"हीच दे," तो म्हणाला. "आयरीनसाठी. केमोपासून तिच्या पोटात काही ठरत नाही रे. काल पाणीसुद्धा उलटून पडलं. याने भूक लागते म्हणतात. आणि लग्नाआधी आम्ही दोघं त्या जंगलात अळंबी वेचायला जायचो. हा वास आला ना, की जेवेल ती. जेवेलच."

वेंडेलने काट्यावर ठेवायला त्याच्या बरणीतली एक कळी उचलली. नीट सुकलेली कळी बोटांत मोडते. ही दबली. त्याने ती दिव्याखाली उकलली, तर आत पांढरी जाळी धरलेली. आजारी गिऱ्हाईकांना तो स्वतःच बजावत असे, की बुरशीचा माल छातीत घेऊ नका, जिवावर बेतेल.

डोरीननेही ते पाहिलं. तिने त्याचं मनगट धरलं.

"त्याला दुसरी काढून दे," ती पुटपुटली. "बाकीच्यांना हळूहळू दुसरं काही गळ्यात मारू. बोलू नकोस, वेंडेल. तुझ्या पाया पडते."

वेंडेलने रांगेकडे पाहिलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते, किती विश्वासाने. त्याला रडू आलं.

"मला वास येत नाही," तो मोठ्याने म्हणाला. गिटार थांबली. "हिवाळ्यापासून कशाचाच येत नाही. संध्याकाळभर मी थापा मारतोय. लुआनचंच खरं आहे, हिला बुरशी लागलीय. एल्डन, हे आयरीनच्या छातीत गेलं तर ती वाचायची नाही."

शेवाळाचा वास आलेला गृहस्थ सगळ्यात आधी सटकला. मग एकेकाने कोट चढवला. डोरीन गल्ल्यामागे मटकन खाली बसली.

बरणी परत घ्यायला वेंडेलने हात पुढे केला. एल्डनने ती सोडली नाही.

"पण मला आला होता," तो म्हणाला. "जंगलाचा वास. वेंडेल, मला खरंच आला होता."