पाहणी

चक्रीवादळानंतर नुकसानीची पाहणी करणारे साहेब तिसऱ्या खेपेला आले, तेव्हा सून आणि सासूबाई घराच्या जोत्यावर बसल्या होत्या. पत्रे वाऱ्याने नेले होते आणि भिंती मागून आलेल्या पाण्याने. पहिल्या खेपेला साहेब रस्ता खचलाय म्हणून अर्ध्यातून परतले होते, दुसऱ्या खेपेला मोबाइलचं चार्जिंग संपलं म्हणून.

"पडझड दाखवा," साहेब म्हणाले.

"काही उरलंच नाही, तर दाखवू काय?" सून वैतागून म्हणाली.

"अहो बाई, निदान एक पडकी भिंत तरी हवी. मोकळ्या जागेला मदत कशी देणार? उद्या कोणीही येऊन म्हणेल, इथे माझं घर होतं."

सुनेने कपाळावर हात मारला. साहेब फोटो काढायला जोत्यावर चढले आणि मागे मागे सरकू लागले. तेवढ्यात सासूबाई खेकसल्या, "अहो, बूट घालून स्वयंपाकघरात कुठे शिरताय?"

"सॉरी, आजी," म्हणत साहेब चटकन बाजूला झाले आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"दिसलं ना घर?" सून म्हणाली. "आता लिहा."