दूधगाडीची एरियल

एकाहत्तरच्या लढाईचे दिवस होते. कडावच्या दूधवाल्याच्या पिकअप गाडीत रेडिओ बसवायला मालोजी पहिल्यांदाच गावात आला होता. मालक जेवायला घरी गेला होता आणि मालोजी एकटाच कामाला लागला होता. बॅटरीची वायर इंजिनाकडच्या पत्र्याच्या भोकातून आत ओढून झाली होती. आता तो गाडीवर उभ्या केलेल्या एरियलच्या काडीची केबल दाराच्या फटीतून आत सरकवत होता, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "धरा त्याला! हेर हाय हा!"

त्याने वळून पाहिलं, तर माणसं काठ्या घेऊन गाडीला वेढा घालून उभी होती.

"अवो, गाणी ऐकायचा साधा रेडिओ हाय हा," मालोजी कसाबसा बोलला.

"मंग ही लांब काडी कशाला? कुणाला खबर देतोस? कुणाच्या गाडीत शिरलास, नाव सांग!"

एकाने त्याची गचांडी धरली. मालोजीच्या हातातली केबल खाली पडली. भीतीने त्याला गाडीमालकाचं नावसुद्धा आठवेना.

एवढ्यात गर्दीतून भागूबाई म्हातारी तरातरा पुढे आली. काठ्या घेतलेली माणसंही तिला वाट द्यायला बाजूला झाली. आता पहिला फटका हिचाच, असं वाटून मालोजीने डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हात डोक्यावर धरले.



म्हातारीने त्याच्या पायाशी पडलेली केबल उचलली, तोंडाजवळ नेली आणि हळूच विचारलं, "बाबा, यात बोललेलं सरहद्दीवर माझ्या सहदेवला ऐकू जाईल का रं?"