मापाचा दोरा

येळ्ळूरच्या शिवारात आमच्या मल्लिकआप्पाची दगडी समाधी आहे. आमच्या पंथात तिथं भंडाराही उधळतात आणि ऊदही जाळतात. जत्रेआधी दरसाल एका घरानं तिच्यावर चादर घालायची. अर्धी पिवळी, अर्धी हिरवी. माप दोऱ्यानं घ्यायचं, तेही एकदाच. पुन्हा मोजलेलं देवाला चालत नाही.

दगड काही वाढत नाही, तरी दोरा दरसाल वेगळा भरतो. त्यावर कुणी बोलत नाही.

गेल्या साली शेजारच्या आण्णाप्पाची पाळी होती. दोरा त्याच्याच उंचीचा भरला. जत्रा झाली आणि आण्णाप्पा गेला.

यंदा पाळी आमची. घरात म्हातारी मीच, म्हणून माझ्याएवढा भरेल असं धरून गेले होते. दोरा आखूड भरला. मुठीत चुरगाळून घरी आणला आणि पदराखाली लपवत होते, तेवढ्यात नातीनं, रचनानं, तो ओढून घेतला. एक टोक डोक्यावर धरून ती ताठ उभी राहिली. दुसरं टोक फरशीला टेकलं.

"आज्जी, बरोब्बर माझ्याएवढा गं!"

"टाचा उचल बघू," मी म्हटलं.

तिनं उचलल्या. दोरा टेकलेलाच.

"पाटावर उभी ऱ्हा."

ती राहिली. तरीही टेकलेलाच.

मग मी तिला उचलून छातीशी घट्ट धरलं. दोरा ताणला गेला, पण टोक फरशीवरून सुटेना.

रचना खिदळायला लागली. "आज्जी, खालनं कोण वडतंय गं?"